आईच्या लुगड्यांचं विणकाम शिल्पात बसत नाही म्हणे, मग सुचित्रा मट्टाई कुठं बसल्या?

धारूरची_रेखा

नमस्कार. मी धारूर तालुक्यातली, सध्या संभाजीनगरला चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला. आई-आण्णा दरसाल दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मीही सातवीपर्यंत तीन हंगाम कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, काढलेत. मोळ्या मोजणं, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकणं, धाकट्याला सांभाळणं, सगळं केलंय. हे आधी सांगते, नंतर कुणी विचारायला नको.

मागच्या उन्हाळ्यात आईची अकरा जुनी लुगडी घेतली. इरकलीच जास्त, दोन साध्या सुती. फाडून हातभर रुंद पट्ट्या केल्या आणि ट्रॅक्टरवर ऊस आवळायला वापरतात त्या चऱ्हाटाची जाळी करून तिच्यात विणल्या. सात फूट बाय पाच फूट झालं. एका प्रदर्शनाला पाठवायचं ठरलं. अर्जावर रकाने होते: चित्र, शिल्प, मुद्राचित्रण, छायाचित्रण वगैरे. मी बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि शिल्पावर खूण केली. पंधरा दिवसांनी गठ्ठा परत आला. अर्जावर पेन्सिलीनं एकच शब्द: हस्तकला. आणायला गेले तेव्हा तिथल्या एका माणसानं वर सल्ला दिला, बचत गटाच्या स्टॉलला लावा, गिऱ्हाईक मिळंल.

आता सेमिनारसाठी एका हयात चित्रकाराची प्रदर्शनांची वाटचाल मांडायची आहे. मी सुचित्रा मट्टाई घेतल्या. जन्म 1973, जॉर्जटाउन, दक्षिण अमेरिकेतलं गयाना. पणजोबा-पणजी उत्तर प्रदेशातून उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून गेलेले. बाईंचं बालपण थोडं कॅनडात नोव्हा स्कोशियाला गेलं, मग अमेरिका. आधी संख्याशास्त्राची पदवी, नंतर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात चित्रकला आणि दक्षिण आशियाई कला. आता लॉस एंजेलिसला असतात. जुन्या साड्या विणून भिंतभर कामं करतात. 2019 ला शारजा, 2020 ला अमेरिकेत बेंटनव्हिल, 2022 ला शिकागो, 2024 ला न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को आणि वॉशिंग्टन. एवढं टिपून ठेवलंय.

मला विचारायचंय ते असं. त्यांच्या साड्या कोणत्या रकान्यातून आत गेल्या? आणि मी त्यांचं नाव ऐकायच्या आधी हे केलं होतं, पण आता लोक नक्कल म्हणणारच. मग सेमिनारला माझं काम दाखवू का नको?

---

ड्रॉइंगमास्तर_अंबाजोगाई

रेखा, मी चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची किती पोरं बसवली त्याचा हिशोब नाही. रकान्यांचा राग मलाही आहे, पण शांतपणे लिहितो.

हस्तकला ही शिवी नव्हे. पेन्सिलीनं लिहून गठ्ठा परत पाठवला की तिची शिवी होते. आपल्याकडं हिमरू म्हटलं, पैठणी म्हटलं की सगळे माना डोलावतात, तीही विणकामंच की. वाकळ म्हटलं की नाक मुरडतात, कारण वाकळीखाली कोण झोपतं हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आता तुझं उत्तर. शारजाच्या बिएनालेला, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनाला, असा रकाना भरून जात नाहीत. तिथं क्युरेटर, म्हणजे प्रदर्शन मांडणारा, एक विषय धरतो आणि त्या विषयाशी ज्यांचं काम भिडतं त्यांना बोलावतो. 2019 ची ती चौदावी बिएनाले तिघांनी मिळून मांडली होती. त्यातल्या क्लेअर टँकॉन्स या मूळच्या ग्वादेलूपच्या, म्हणजे त्याही कॅरिबियनमधल्याच. त्यांच्या विभागाचा सगळा रोख देशोधडीला लागलेल्या, विखुरलेल्या माणसांवर होता. त्यात मट्टाईबाईंनी साड्यांचं अवाढव्य विणकाम मांडलं, ‘इम्परफेक्ट आयसोमेट्री’. ते चित्र की शिल्प, याची काळजी तिथं कुणाला नव्हती. बोलावणारी बाई ग्वादेलूपची, विणणारी गयानाची आणि भोवती शारजात पोटासाठी आलेली अर्धी भारत-पाकिस्तान-बांगलादेशची माणसं. साडी तिथं आपोआप बोलली असणार.

सेमिनार इथूनच सुरू कर. जन्म-शिक्षणाची स्लाइड आधी लावू नकोस, सगळे तेच करतात आणि मागच्या बाकावरचे मोबाइल काढतात.

पुढं 2020. अर्कान्सा राज्यात बेंटनव्हिल म्हणून गाव आहे. तिथल्या क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयानं आणि त्यांच्याच मोमेंटरी नावाच्या नव्या जागेनं मिळून अमेरिकाभरातले 61 कलावंत निवडून प्रदर्शन भरवलं. मोमेंटरी म्हणजे पूर्वीचा चीजचा कारखाना. आपल्याकडं बंद पडलेल्या सूतगिरण्या किती आहेत ते आठव आणि गप बस. तिथं यांचं ‘एक्सोडस’ होतं, तेही साड्यांचंच. मग 2022 च्या नोव्हेंबरात शिकागोच्या समकालीन कला संग्रहालयात ‘फोरकास्ट फॉर्म’ हे मोठं प्रदर्शन झालं, 1990 च्या दशकापासूनच्या कॅरिबियन डायस्पोराच्या, म्हणजे तिथून जगभर विखुरलेल्या माणसांच्या, कलेवर. नंतर ते बोस्टनलाही गेलं. त्यात यांचं ‘ॲन ओशन क्रेडल’. हे पाऊल वेगळं. बेंटनव्हिलला त्या अमेरिकेतल्या कलावंत म्हणून होत्या, शिकागोत कॅरिबियनच्या म्हणून. बाई तीच, साड्या त्याच. दार बदललं की पाटी बदलते.

वाटचाल मांडायची म्हणजे हे मांडायचं. नुसती तारखांची यादी तर लग्नपत्रिकेतही असते.

आणखी एक ओळखीचा दुवा देतो. मी 2014 च्या डिसेंबरात, निवृत्तीचे पैसे हातात पडल्या पडल्या, कोचीच्या बिएनालेला गेलो. जितिश कल्लाट क्युरेटर होते. बायकोला वाटलं गुरुवायूरला चाललोय. तिथं ह्यू लॉक यांचं काम बघितलं. जन्म एडिंबराचा, पण वाढले गयानात. काळी दोरी आणि मणी भिंतीवर लावून जहाजं काढली होती. लांबून शाईचं रेखाटन वाटावं, जवळ गेलं की आपल्या बांगड्यांच्या दुकानातले मणी. मी तासभर तिथंच. चौतीस वर्षं पोरांना रेषा म्हणजे पेन्सिल असं सांगितलं होतं, त्याची लाज वाटली.

याच लॉकनी 2022 ला लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये ‘द प्रोसेशन’ मांडलं. माणसाच्या उंचीच्या जवळजवळ दीडशे आकृत्यांची मिरवणूक. आता ऐक, टेट कोण? हेन्री टेट, साखरेचा रिफायनरीवाला. साखरेचे चौकोनी खडे विकून गबर झाला आणि 1897 ला उघडलेलं ते चित्रालय त्याच्या देणगीतलं. साखर कारखानदाराच्या चित्रालयात गयानाच्या पोरानं मिरवणूक काढली. आपल्याकडं कारखानदार इंजिनिअरिंग कॉलेज काढतात, तिथं अजून कुणी मिरवणूक काढली नाही.

तुझं काम दाखवायचं का, याचं उत्तर दुसऱ्या कुणाला देऊ दे. माझ्या मते दाखव, पण शेवटी, आणि मट्टाईंच्या फोटोशेजारी लावू नकोस.

---

परभणीकर_न्यूजर्सी

मी कलेतला माणूस नाही, डेटाबेस सांभाळतो. पण यातलं एक प्रदर्शन डोळ्यांनी बघितलंय म्हणून लिहायलो.

2024 चा उन्हाळा. आई मानवतहून सहा महिन्यांसाठी आलेली आणि पंधराव्या दिवशीच कंटाळलेली. इथं बोलायला कुणी नाही, दाराला दार लागलेलं. रविवारी तिला घेऊन क्वीन्सला गेलो, सॉक्रेटिस स्कल्प्चर पार्क. तिकीट नाही म्हणून निवडलं, खोटं कशाला सांगू. ईस्ट रिव्हरच्या काठावरचं मैदान, पलीकडं मॅनहॅटन. पूर्वी तिथं लोक कचरा टाकायचे, 1986 ला कलावंतांनी साफ करून बाग केली.

मैदानात मट्टाईंच्या सहा मोठमोठ्या कोशासारख्या आकृत्या. आरशासारखं चकचकीत स्टील आणि विणलेल्या साड्या. स्टीलमध्ये गवत, आभाळ आणि आपलंच वाकडं तोंड दिसायचं. नाव होतं ‘वी आर नोमॅड्स, वी आर ड्रीमर्स’. आई आधी लांबच उभी. मग जवळ गेली आणि पहिलं वाक्य: “अगं बया, पावसात भिजत असतील की ह्या!”

पुढचा पाऊण तास ती एकेक काठ बोटानं दाखवायली. हात लावू नको म्हणून मी मागं मागं. हा असा काठ तुझ्या मावशीच्या लग्नातला, ही जर कच्ची, हिचा रंग जाणार. एक काठ आपल्या सेलूच्या बाजारातलाच आहे असं ती आजही म्हणते. मला काही पटलं नाही, पण वाद घातला नाही. तिथं एक वयस्कर बाई आल्या, गयानाच्याच. क्वीन्समध्ये रिचमंड हिल भागात गयानाची पुष्कळ मंडळी राहतात. त्यांना हिंदी येईना, आईला इंग्रजी. दोघी साड्यांकडं बोट करून हसायल्या. त्या बाईंनी आईच्या पदराला हात लावून बघितला. मी भाषांतर करायला पुढं झालो तर आईनं मला हातानंच मागं सारलं.

त्या सहा महिन्यांत आई एवढी बोललेली मी बघितलं नाही.

रेखाताई, रकान्याचं मला कळत नाही. पण तिथं ते काम उघड्यावर, गवतात होतं, लोक डबा खात बसले होते. त्याच वर्षी सप्टेंबरात वॉशिंग्टनच्या नॅशनल म्युझियम ऑफ विमेन इन द आर्ट्समध्ये त्यांचं ‘मिथ फ्रॉम मॅटर’ लागलं, तेही बघायचं होतं, पण आईचं परतीचं तिकीट आधीचं निघालं. एकाच वर्षी एकीकडं कुत्री फिरवणारी माणसं आणि दुसरीकडं संगमरवरी जिना. त्या दोन्हीकडं कशा पुरल्या, हे सेमिनारमध्ये सांगता आलं तर मजा येईल.

---

नांदेडचा_वाचक

सगळे गहिवरलेत म्हणून थोडं मीठ टाकतो. राग मानू नका.

एक. गिरमिट (तिकडचा मजुरीचा करार) आणि उचल (ऊसतोडीआधी मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे) एकच, असं सेमिनारात ठोकून देऊ नका. मोह होणार, कारण ऊस दोन्हीकडं आहे. गयानाला पहिली दोन जहाजं, ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’, कलकत्त्याहून 1838 च्या मे महिन्यात पोचली. गुलामगिरी संपली होती, मळेवाल्यांना हात हवे होते. 1917 पर्यंत सुमारे 2 लाख 39 हजार माणसं तिकडं नेली. करार पाच वर्षांचा, आणि काम चुकवलं किंवा मळा सोडून गेलं की तो फौजदारी गुन्हा, थेट तुरुंग. मुकादमाचा जाच मोठा आहे, तो मी नाकारत नाही, पण आपली माणसं पट्टा पडला, हंगाम संपला की गावी येतात. तिकडचे बहुतेक परत आलेच नाहीत. हा फरक बुजवला तर दोघांवरही अन्याय.

शिवाय बायकांचं. आपल्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा असेल तर अर्धा कोयता. त्या जहाजांवर शंभर पुरुषांमागं चाळीस बायका असा नियम करावा लागला होता, कारण बायका मिळत नव्हत्या, आणि ज्या गेल्या त्यातल्या पुष्कळ एकट्या गेल्या. त्यांना गुलामांच्या जुन्या बराकीत ठेवलं, तिकडं ‘लॉजी’ म्हणतात. ऊसही तिकडं गाडीतून जात नाही, मळ्यातल्या कालव्यांतून लोखंडी पंटमधून, म्हणजे सपाट होड्यांतून, कारखान्याला जातो. चित्र डोळ्यांपुढं वेगळं आणा.

दोन. बहुतेक गेले ते भोजपुरी-अवधी मुलखातून. मराठी माणूस गेला तो मॉरिशसला. तेव्हा ‘आपलीच माणसं’ वगैरे जपून.

तीन, आणि हे टोचेल. मट्टाईंच्या साड्या पणजीच्या पेटीतल्या नाहीत. वेगवेगळ्या बायकांच्या वापरलेल्या, जमवलेल्या आहेत. पणजीचं काही उरलंच नाही म्हणून तर दुसऱ्यांच्या साड्या गोळा कराव्या लागतात. रेखा, तुझ्याकडं खुद्द आईची अकरा लुगडी आहेत. तुझं काम त्यांच्यासारखं नाही ते इथंच. नक्कल म्हणणाऱ्याला हे एवढंच सांग आणि खाली बस.

---

ड्रॉइंगमास्तर_अंबाजोगाई

नांदेडकर, मीठ मान्य. तिसरा मुद्दा मला सुचायला हवा होता.

फक्त एक भर. बाई नुसत्या साड्याच विणत नाहीत. जुन्या युरोपीय धाटणीचे भरतकामाचे तुकडे घेतात, कुरणात बसलेली गोरी जोडपी वगैरे, आणि त्यावर स्वतः भरतकाम करून आतली माणसंच बदलतात, सावळी करतात. शिवण-भरतकाम आज्यांकडून शिकल्या असं त्या सांगतात. सॅन फ्रान्सिस्कोला 2024 मध्ये तर आजी-आजोबांचं गयानातलं घर आठवणीवरून उभं केलं. म्हणजे पेटीतलं काही उरलं नाही हे खरं, पण टाका उरला.

---

जिंतूरची_आक्का

नातू टाइप करायलाय, मी सांगायले. मला ते शारजा-बिरजा कळत नाही. चाळीस वर्षं वाकळा शिवल्या, अजून शिवते. पोरीनं फोटो टाकला नाही पण वाचून सांगते काय चुकलं असंल.

हातभर पट्टी लई रुंद. इरकल जुनं झालं की आडवं फाटत जातं, रुंद पट्टी मधीच झोळ घेती. चार बोटं पट्टी काढ आणि पीळ दे. काठ वेगळा काढ, काठ टिकतो, अंग टिकत नाही. जिथं जोड येईल तिथं गाठ मारू नको, दंड घाल, म्हंजी दोन्ही कडा एकावर एक ठेवून शिव, धावदोऱ्यानं. गाठी मारल्या की ते पोत्यावानी दिसतं.

अकरा सुती लुगडी म्हणजे आठ किलोच्या आत नाही, वर चऱ्हाट. पावसाळ्यात ओल धरली की आणखी जड. खिळ्यावर टांगलं तर वरची ओळ ओघळणार आणि खाली फुगा येणार. वरून आरपार बांबू घाल, खालून हलकी काठी. घडी घालून कधी पाठवू नको, घडीवरच विरतं. पायपावर गुंडाळ. आत कडुनिंबाचा पाला टाक, डांबरगोळ्या नको, वास जात नाही.

गठ्ठा परत पाठवला म्हणतीस, घडी घालून पाठवला होता का गुंडाळून? घडी घालून पाठवला असशील तर उघडल्यावर बोळाच दिसला असंल त्यांना. मग मी पण हस्तकलाच लिहिलं असतं.

आणि लुगडी धुऊन घेतली का तशीच? उसाचा चिकटा आणि पाचटाची कूस राहती, झुरळं लागतात. पण सगळा वास घालवू नको.

---

परभणीकर_न्यूजर्सी

आक्का, आईला वाचून दाखवलं. ती म्हणते दंडाचं बरोबर आहे, पण नायलॉनच्या साडीला दंड टिकत नाही, तिथं काय करायचं?

---

जिंतूरची_आक्का

नायलॉन वाकळीत घालायचंच नाही. पायपुसणं करायचं.

---

धारूरची_रेखा

सगळ्यांचं वाचलं. दोन दिवस उशिरा लिहितेय कारण सगळं उसवून बसले होते.

आक्का, घडीच घातली होती. खताच्या पोत्यात भरून सुतळीनं शिवून पाठवलं. आता आठवलं तरी कसंतरी होतं. पट्ट्या चार बोटांच्या केल्यात, पीळ दिलाय, सात फुटाचं काम साडेपाचावर आलं. बांबूऐवजी वसतिगृहाच्या मागं पडलेला जीआयचा पाइप मिळाला. लुगडी आईनं आधीच धुतली होती, ती तशी देणारच नव्हती.

मास्तर, सुरुवात शारजापासून करायली. कॅरिबियन क्युरेटर, अमेरिकेतली कलावंत, कॅरिबियनची कलावंत, मग उघडं मैदान आणि मग संग्रहालय, अशी दारं मांडलीत आणि प्रत्येक दारावर पाटी काय होती ते. टेटचं एका वाक्यात घेतलंय, इंजिनिअरिंग कॉलेजचं वाक्य गाळलं. माझ्या मार्गदर्शकांना हसू आलं नसतं.

नांदेडचे दादा, गिरमिट आणि उचल वेगळ्या स्लाइडवर ठेवलेत. खरं सांगते, आधी एकाच स्लाइडवर होते.

तुमच्या तिसऱ्या मुद्द्यावरून मी प्रत्येक पट्टीला छोटी चिठ्ठी लावायचं ठरवलं. हे लुगडं कधीचं, कुठून घेतलं, कोणत्या हंगामात नेसलेलं. रात्री आईला फोटो पाठवून फोन लावला. ती कोपीवर, मागं धाकटा ओरडत होता, रेंज येत-जात होती. तिनं एकेक सांगितलं. हे माजलगावच्या बाजारातलं, हे तुझ्या मामानं दिवाळीला दिलेलं, हे उचल मिळाल्या दिवशी घेतलं होतं आणि आण्णांनी त्यावरून बोलणी घातली होती. नवव्या पट्टीवर थांबली. म्हणाली, “हे माझं न्हाई.”

मी म्हटलं, तुझ्याच पेटीतलं आहे. तर म्हणाली, दोन वर्षांखाली शेजारच्या कोपीतल्या मावशीचं आहे. पाऊस आला तेव्हा सगळ्यांचं वाळत घातलेलं एकत्र गोळा केलं, तेव्हा आलं असंल. त्या मावशींचा नवरा त्याच हंगामात वारला, त्यानंतर त्या अर्ध्या कोयत्यावर जातात.

“मग तू त्यांना इचारल्याशिवाय कसं फाडलं?” असं आई म्हणाली, आणि रेंज गेली.

त्या मावशी या साली कर्नाटकात आहेत, दुसऱ्या मुकादमाकडं. फोन नाही त्यांच्याकडं. सेमिनार पुढच्या गुरुवारी आहे. नवव्या पट्टीची चिठ्ठी कोरी लावलीय. गाळप बंद झालं की त्यांच्या गावी जाऊन विचारते.